आई ऑफलाइन आहे

"ताई, आई ऑफलाइन आहे."

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन. सकाळचे सात वाजले होते, मी वर्ध्याला माझ्या स्वयंपाकघरात पोहे धूत होते, आणि हे वाक्य ऐकून चाळणी माझ्या हातातून सिंकमध्ये पडली. मला वाटलं, याला काहीतरी भयंकर सांगायचं आहे आणि हा मेला ते कंपनीच्या भाषेत सांगतोय. मग दोन मिनिटांनी उलगडा झाला की आई ठीक आहे, आईच्या टीव्हीला लावलेली डबी ऑफलाइन आहे. त्यानंतर मी भावाला जे बोलले, ते शाळेत एखाद्या मुलाला बोलले असते तर मुख्याध्यापकांनी मला घरी बसवलं असतं.

आमची आई आर्वीपलीकडच्या तळेगावला एकटी राहते. बाबा गेल्यापासून एकटीच आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि समोर गल्लीला लागून लांबलचक ओटा. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. समोरच्या वहिनींना आवाज गेला म्हणून बरं, त्या धावत आल्या. हाड मोडलं नव्हतं, पण आम्हा दोघा भावंडांची झोप उडाली. आम्ही ठरवलं, आता आईला वर्ध्याला माझ्याकडे आणायचं. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे.

"तिसऱ्या माळ्यावर मी काय करू?" आई म्हणाली. "कबुतरं मोजू?"

भांडणं झाली, अबोले झाले. शेवटी भावानं तोडगा काढला. त्यानं पुण्याहून दोन स्मार्ट प्लग पाठवले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! बुक्कीएवढी पांढरी डबी. भिंतीच्या सॉकेटमध्ये डबी खोचायची आणि डबीत टीव्हीची पिन. डबी वायफायवरून आमच्या मोबाईलला कळवणार की टीव्ही लागला, बंद झाला. आई सकाळी वंदना घेऊन साडेसहाला टीव्ही लावते, म्हणजे ती उठली. जेवून एकच्या सुमारास कूलर लावते, म्हणजे आडवी झाली. मोबाईलवर हिरवा ठिपका दिसला की सगळं आलबेल, करडा झाला की डबीचा संपर्क तुटला.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि सौदा केला. "शाळा उघडेपर्यंत या डब्ब्या चालल्या, तर मी इथंच राह्यतो. नाई चालल्या, तर गुपचाप तुह्या कबुतरांपाशी येतो. बोललो म्हणजे बोललो."

आई शब्दाची पक्की आहे. म्हणूनच मला त्या डब्यांची धास्ती वाटायला लागली. तिचं अख्खं घर, ओटा, पौर्णिमेचं पांढरं लुगडं नेसून विहारात जाणं, सगळं त्या दोन डब्यांवर येऊन टेकलं होतं. आणि डब्या रोज तुटत होत्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पंचवीस वर्षं मी मुलांना विद्युत मंडल काढायला लावते आहे, त्यामुळे भावानं "ताई, तुला जमेल ना?" असं विचारलं तेव्हा मला रागच आला. म्हटलं, तू तुझं पाहा. शनिवारची एसटी पकडली आणि आर्वीमार्गे दोन तास उकडत तळेगावला पोचले.

पहिला घोटाळा दारातच कळला. आई टीव्ही बंद करायची ती भिंतीवरच्या बटनानं. आमच्या घरात बटन चालू ठेवून खोलीबाहेर पडणं हा चोरीच्या खालोखालचा गुन्हा. बाबांनी आम्हाला यासाठी धपाटे घातलेले आहेत. वीज कडाडली तर आई पिनासुद्धा उपसून ठेवते. आता भिंतीतूनच वीज बंद केल्यावर डबी बिचारी कोणाला काय कळवणार!

"आई, हे बटन कधीच बंद करायचं नाही."

"कधीच?"

"कधीच."

"अन् आग लागली मंग?"

मी दोन्ही बटनांवर खाकी टेप चिकटवला आणि वर मोठ्या अक्षरात 'बंद करू नये' असं लिहिलं. मग डबी नव्यानं जोडायला बसले. बारीक बटन पाच सेकंद दाबायचं, निळा दिवा भराभर लुकलुकायला लागला की मोबाईलमध्ये वायफायचा पासवर्ड टाकायचा. पासवर्ड भावानं आईला पाठ व्हावा म्हणून एक ते आठ आकडे ठेवला होता. दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. मी घामाघूम. आई बाजूला बसून मेथी निवडत होती.

"दाबून राह्यली नुसती. त्याले भूक लागली असन."

"आई, चूप बस."

"अवं, मी त्याच्याशी बोलून राह्यलो."

संध्याकाळपर्यंत दोन्ही ठिपके हिरवे झाले. विजयी मुद्रेनं वर्ध्याला परतले. बुधवारी भावाचा फोन: "ताई, आई ऑफलाइन आहे."

पुन्हा एसटी. या खेपेला पाहते तर वायफायचं यंत्र कपाटावरून गायब. शोधलं तर ते कूलरच्या तोंडासमोर, लोखंडी स्टुलावर, आणि वर माठावरचं ओलं फडकं!

"आई! हे काय?"

"तापून राह्यलं होतं बिचारं. हात लावून पाह्यलं मी. एवढ्या उन्हात माणसाले कूलर लागते, त्याले नाई लागत का?"

माझा राग तसाही नाकावर असतो. मी त्या फडक्यासकट अर्धा तास आईला विजेचा धडा दिला. तिनं शांतपणे ऐकलं आणि मग फडकं माठावर परत घालून आली. यंत्र कपाटावर गेलं, कोरडं झालं, चालूही झालं. दोन दिवस ठिपके हिरवे राहिले आणि मग रोज संध्याकाळी करडे व्हायला लागले. लाइट जाऊन आली की हमखास.

भावानं फोनवर नवनवीन औषधं सांगायला सुरुवात केली. वायफायचं नाव बदल. यंत्र बंद करून दहा मिनिटांनी लाव. डबी दुसऱ्या भिंतीत लाव. मी सगळं केलं. हल्याला रोग अन् पखालीला इंजेक्शन! चौथ्या खेपेला माझ्या मनात पाप आलं. मला वाटलं, आईच हे करते आहे. डबी बिघडली की लेक येते, हे तिच्या लक्षात आलं आहे. माझे डोळे भरून आले. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आई, तुला मला भेटावंसं वाटलं तर सरळ सांगत जा ना. डबी कशाला काढतेस?"

आईनं हात सोडवून घेतला.

"तू आली की मले दोन टाईम सैपाक करा लागते. तुले पातळ वरण लागते, तुले वांगं चालत नाई. दिवसभर चिडचिड करते ते वेगळीच. मी काऊन बोलावू तुले?"

माझं भरून आलेलं सगळं जागच्या जागी ओसरलं. शिवाय तिचं खरंच होतं, डबी बंद पडण्यात तिचंच नुकसान होतं. ती रोज सकाळी दोन्ही डब्या कोरड्या फडक्यानं पुसत होती.

त्याच संध्याकाळी मी वायफायच्या यंत्राची आतली यादी उघडली. कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत, ते त्यात दिसतं. आईकडे उपकरणं किती? एक मोबाईल, एक टीव्ही, दोन डब्या. यादी मी बोटानं वर सरकवते आहे आणि ती संपतच नाही. तेवीस! एक तर दुसरा टीव्ही निघाला. आईच्या घरात दुसरा टीव्ही नाही.

मी बाहेर ओट्यावर आले. मी चार खेपा या ओट्यावरून ये-जा केली होती आणि तिथं माणसं बसलेली असतात याचं मला काहीच वाटलं नव्हतं, कारण ती आमच्या लहानपणापासून बसतात. आता पाहिलं तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल. अंगणवाडीच्या बाई मुलांची वजनं भरत होत्या. समोरच्या वहिनी हैदराबादच्या लेकीशी व्हिडिओवर बोलत होत्या. कोपऱ्यावरचे पेन्शनर काका पडद्यावर कुस्ती पाहत होते, तीही मोठ्या आवाजात. मला पाहून सगळ्यांनी प्रेमानं "कवा आली?" विचारलं.

कोडं सुटलं. आईचं यंत्र साधं, स्वस्तातलं. त्याला ठरावीक माणसांपुरतीच पंगत वाढता येते. लाइट गेली आणि परत आली की वीसेक मोबाईल धावत येऊन जागा पकडायचे, आणि आमची डबी दाराबाहेर उभी.

मी आईला आत ओढलं. "पासवर्ड कोणाकोणाला दिलास?"

"ज्यानं मांगितला त्याले."

"आणि दुसरा टीव्ही कोणाचा?"

"वहिनीच्या सासऱ्याचा. लकवा आहे त्याले, खाटेवर पडून राह्यते दिवसभर. कीर्तन पाह्यते बिचारा."

"आई, अगं वायफाय असं वाटायची गोष्ट आहे का? नाही म्हणता येत नाही तुला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती केळझरकडची. तिच्या आईच्या गोष्टी तिनं आम्हाला फार सांगितल्या नाहीत, आणि सांगितल्या तेव्हा आवाज न चढवता सांगितल्या. आताही तशीच बोलली.

"माही माय घागर घेऊन विहिरीच्या दूर उभी राहे. कोणाले दया आली तर वरून पाणी ओते. नाई आली तर उभीच. आज माह्या घरी आहे अन् कोणी दारात येऊन मांगून राह्यलं, तर मी नाई म्हणू?"

"आई, ते पाणी होतं. हे वायफाय आहे."

"मांगणारा तसाच मांगते ना व."

मला राग आला, आणि राग असला की मला उत्तर लागत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, तुला नाही म्हणता येत नाही ना, मी म्हणते. तुला या घरात राहायचं आहे ना? मग डबी चालली पाहिजे. मी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं, असला लांबलचक की तो मलाच डायरीत लिहून ठेवावा लागला. बाहेर ओट्यावरची कुस्ती मधेच थांबली. "लाइन गेली वाटते," काका म्हणाले. मी खिडकीतून सांगितलं, "काका, पासवर्ड बदलला आहे. डब्या चालत नव्हत्या."

काकांनी मोबाईल खिशात घातला. वहिनींनी मोबाईल पदरात गुंडाळला आणि "येतो मावशी" म्हणून गेल्या. मला वाटलं, किती समजूतदार माणसं.

आणि डब्या चालल्या! अकरा दिवस ठिपके हिरवेगार. लाइट जायची, यायची, डबी क्षणात हजर. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मानलं तुला." मीही स्वतःला मानलं. शाळेत बाकीच्या शिक्षिकांना मी वायफायवर एक छोटं व्याख्यानही दिलं. आईला फोन केला की ती "हाव, चालते" एवढंच म्हणायची. मी विचारलं, ओट्यावर कोण आहे? म्हणाली, "कोणी नाई. ऊन आहे."

बाराव्या दिवशी दुपारी, सुट्टी लागली होती, मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. मोबाईल वाजला.

"ताई, आई ऑफलाइन आहे. कूलरची डबी."

आता मी घाबरले नाही, आधी चिडले. आईला फोन लावला, नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. पाचव्यांदाही कोणी उचलला नाही. वहिनींना लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली की या क्रमांकाची सेवा बंद आहे. तिसरा कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. आजवर लागलाच नव्हता. तळेगावला काही विचारायचं तर आईला विचारायचं, आणि आईला सगळी गल्ली विचारायची.

नवरा गाडी घेऊन नागपूरला गेलेला. मी हाताला कुरडईचा चीक तसाच घेऊन स्टँड गाठलं. आर्वीला कंडक्टर चहाला उतरला तर मी त्याच्याशी अशी भांडले की तो अर्धा कप टाकून परत आला. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते, हे मला पन्नाशीला टेकल्यावरही सुधारता आलेलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई कूलरच्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसलेली. बाजूला बादली आडवी, फरशी वाळत आलेली, उजवा पाय घोट्यापाशी फुगून वांग्यासारखा झालेला. घामानं थबथबलेली, पण डोळे टक्क उघडे.

"आली का?" ती म्हणाली. "पहिले पाणी दे."

कूलरमध्ये पाणी भरताना तिचा पाय सटकला होता. मोबाईल स्वयंपाकघरात. उठता येईना. हाका मारल्या, पण गल्लीत उन्हाचं चिटपाखरू नव्हतं. मग तिला खिडकीखालचा बोर्ड दिसला. तिला वाकावं लागू नये, बसल्या जागी हात पोचावा, म्हणून भावानंच तो तिथं खाली बसवून घेतला होता. ती सरकत सरकत तिथवर गेली.

"म्हटलं बटन बंद करतो. डब्बी बंद पडली की पोरगा तुले फोन करते, अन् तू भांडाले येतेच." तिनं एका दमात तांब्या रिकामा केला. "पण तुहा तो टेप, बाई! नखं गेले माहे. पाव घंटा त्या टेपातच गेला."

खाकी टेप तिच्या मांडीवर पडला होता. त्याच्यावर माझ्याच हस्ताक्षरात 'बंद करू नये' लिहिलेलं. मी फरशीवर बसून ढसाढसा रडले. आई मला थोपटत राहिली, जसा काही पाय माझाच सुजला होता.

मग मला राग आला आणि मी गल्ली ओलांडून वहिनींचं दार बडवलं. आत कूलर घोंघावत होता. मी ओरडले, "वहिनी, आई तीन तास पडून होती! एक हाक ऐकू नाही आली? फोन का बंद तुमचा?"

त्या बिचाऱ्या अनवाणी धावत आल्या. आईचा पाय मांडीवर घेऊन बसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, फोनमध्ये रिचार्ज नाई. तुमच्याच वायफायवर चाले तो. अन् पहिले दुपारभर मी ओट्यावरच असो, मावशीचं खोकलणंही ऐकू ये. तुम्ही पासवर्ड बदलला. म्हटलं, आपलं येणं नको असन यायले. मंग ओट्यावर तरी कोण्या तोंडानं बसा?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आईनं मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या एका वेळी तिनं मला बोलून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

पेन्शनर काकांनी ऑटो आणला. डॉक्टरांनी पाय मुरगळल्याचं सांगून पट्टा बांधला, तीन आठवडे जमिनीला टेकू नका म्हणाले. घरी परतून आईला ओट्यावर खुर्चीत बसवलं आणि मी आत जाऊन पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलण्याचं. परत एक ते आठ. खडूनं दाराच्या चौकटीवर लिहिलासुद्धा. मग एकेका घरी जाऊन सांगून आले. शिक्षिकेला घरोघर जाऊन चुकले म्हणायची सवय नसते. अंगणवाडीच्या बाईंनी तर "अवं, त्यात काय!" म्हणत मला बळेच चहा पाजला.

दिवेलागणीपर्यंत ओटा भरला. कुस्ती सुरू झाली, समोरून कीर्तनाचा आवाज यायला लागला, हैदराबादच्या लेकीला आईचा पाय दाखवून झाला. तेवढ्यात लाइट गेली आणि पाच मिनिटांनी आली. मी खिडकीतून पाहिलं. डबीचा दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि थकून राहिला. आईनंही मान वळवून पाहिलं होतं.

"डब्बी बंद पडली व," ती हळूच म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. "बोललो होतो तुमच्याशी. मंग, भरू का पिशवी?"

माझ्या हातातला मोबाईल वाजला. भाऊ होता.

"ताई, आई ऑफलाइन आहे!"

"असू दे," मी म्हटलं. "ओट्यावर नऊ जण आहेत, मी आत्ताच मोजले." आणि फोन ठेवून दिला.

आई अजून उत्तराची वाट पाहत होती. मी वहिनींना म्हटलं, "सरका जराशा," आणि तिच्या खुर्चीपाशी ओट्यावर बसले.